अर्ज, रांग आणि चिठ्ठी

शिक्षकांच्या शिबिरांमध्ये एखाद्या वेगळ्या वाटेने जाणाऱ्या शाळेविषयी बोलण्याचा प्रसंग आम्हांला अधूनमधून येतो. शाळा लहान असते, वर्गात मोजकी मुले असतात, घोकंपट्टीऐवजी कामातून शिकणे असते. श्रोते आस्थेने ऐकतात, टिपणे घेतात. आणि मग मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो : 'हे सगळं ठीक आहे हो, पण तिथं मुलंच निवडक येत असतील ना? आमच्या वर्गात बासष्ट मुलं आहेत, आणि ती आम्ही निवडलेली नाहीत.'

पूर्वी हा प्रश्न आला की आम्हांला थोडा राग येई. काही नवे करायचे नसले की माणूस अशी सबब शोधतो, असे वाटे. आता तसे वाटत नाही. संशोधनात ज्याची हयात जाते त्याला हा प्रश्न अगदी ओळखीचा असतो. नवे औषध घेतलेले रोगी बरे झाले असे कोणी सांगितले, तर आपण पहिल्यांदा विचारतो, की औषध कोणाला दिले आणि कोणाला दिले नाही? मागच्या रांगेतले गुरुजी नेमके हेच विचारत असतात.

एखाद्या शाळेचा इतिहास लिहिताना आपण तिथे काय शिकवत, कसे शिकवत हे लिहितो. तिथे प्रवेश कसा मिळे, हे एखाद्या ओळीत उरकतो. प्रस्तुत लेखात आम्ही उलट करणार आहोत. अमेरिकेतल्या काही लहान, पर्यायी, सरकारी हायस्कुलांचा इतिहास आपण त्यांच्या दारातून पाहू. अमेरिका अशासाठी, की तिथे हा प्रयोग दीर्घकाळ चालला आणि प्रवेशाच्या पद्धती बदलत गेल्या. तिथे 'पब्लिक स्कूल' म्हणजे लोकांच्या करांतून चालणारी, विनाशुल्क, आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेसारखी शाळा. हायस्कूल म्हणजे साधारणपणे नववी ते बारावी. मूल ज्या वस्तीत राहते तिथल्या शाळेत जाते, हा रिवाज. पर्यायी शाळेत मात्र अर्ज करावा लागतो, आणि जिथे अर्ज आला तिथे 'कोणाला घ्यायचे' हा प्रश्न आलाच.

जोड्या लावण्याचा प्रयत्न

सुरुवात १९३० च्या दशकापासून करू. त्या काळी अमेरिकेतील हायस्कुलांचा अभ्यासक्रम महाविद्यालयांच्या प्रवेश-अटींनी बांधलेला होता. इतकी वर्षे गणित, इतकी वर्षे परकीय भाषा, असा हिशोब असे. प्रागतिक शिक्षण संघटनेने महाविद्यालयांना विनंती केली की काही निवडक शाळांना या अटींतून मोकळे करा. सुमारे तीनशे महाविद्यालयांनी ते मान्य केले. १९३३ साली तीस शाळा या प्रयोगात उतरल्या. त्यांत काही सरकारी होत्या, काही खाजगी. हा प्रयोग 'आठ वर्षांचा अभ्यास' या नावाने प्रसिद्ध आहे.

या मोकळ्या शाळांतली मुले पुढे महाविद्यालयात टिकतील का, हा प्रश्न होता. मूल्यमापनाची धुरा राल्फ टायलर या शिक्षणतज्ज्ञाकडे होती. प्रयोगातील शाळांमधून आलेल्या १,४७५ विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाला त्याच महाविद्यालयातला एक जोडीदार शोधण्यात आला. वय तेच, लिंग तेच, बुद्धिमापनातील गुण जवळपास तेच, घरची परिस्थिती मिळतीजुळती, फक्त शाळा नेहमीची. अशा १,४७५ जोड्यांची तुलना झाली. निकाल १९४२ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगातील विद्यार्थी मागे पडले नव्हते, उलट काकणभर सरसच होते. ज्या थोड्या शाळा जुन्या चाकोरीपासून सर्वांत दूर गेल्या होत्या, त्यांचे विद्यार्थी अधिक उठून दिसत होते.

काम मोठे कष्टाचे आणि प्रामाणिक होते. तरी मागच्या रांगेतले गुरुजी उठून विचारतील, की वय, गुण आणि घर जुळवलेत, पण त्या घरात आईबापांनी मुलाला वेगळ्या शाळेत घालायचे ठरवले, ती वृत्ती कुठे जुळवलीत? मुलाशी बोलणारे, पुस्तके आणणारे, शाळेत जाऊन चौकशी करणारे घर कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. जोड्या लावताना आपण माहीत असलेल्या गोष्टीच जुळवू शकतो. माहीत नसलेल्या तशाच राहतात.

यावरचा तोडगा शेतीशास्त्राने याच सुमारास काढला होता. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती-संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी त्याची मांडणी १९२५ च्या आणि १९३५ च्या आपल्या ग्रंथांत केली. नवे खत कोणत्या वाफ्याला घालायचे हे माणसाने ठरवायचे नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचे. शेतकऱ्यावर सोपवले तर तो नकळत विहिरीजवळचा वाफा निवडेल, आणि मग पीक खताने वाढले की पाण्याने, हे कळणार नाही. चिठ्ठीला विहीर कुठे आहे ते ठाऊक नसते. म्हणून वाफे पुरेसे असतील तर माहीत असलेले आणि माहीत नसलेले सगळे फरक दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जातात. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हीच रीत माणसांसाठी वापरली गेली. शाळेच्या दारात चिठ्ठी यायला मात्र आणखी दोन दशके लागली, आणि ती आली ती वेगळ्याच कारणाने.

भिंती नसलेली शाळा

फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिन पार्कवे नावाचा एक रुंद, झाडांचा रस्ता आहे. त्याच्या आसपास कलासंग्रहालय, फ्रँकलिन विज्ञानसंस्था, निसर्गविज्ञानाची अकादमी, मोठे ग्रंथालय अशा संस्था आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शहरातील हायस्कुले ओसंडून वाहत होती, आणि नव्या इमारतीला पैसा व वेळ दोन्ही लागणार होते. तेव्हा कल्पना निघाली, की हा रस्ताच शाळा का होऊ नये?

फेब्रुवारी १९६९ मध्ये 'पार्कवे प्रोग्रॅम' सुरू झाला. पहिल्या तुकडीत १४३ विद्यार्थी होते. संचालक होते जॉन ब्रेमर. शाळेला वर्गखोल्यांची इमारत नव्हती. जीवशास्त्र अकादमीत किंवा प्राणिसंग्रहालयात, चित्रकला संग्रहालयात, बाकीचे विषय जिथे जाणकार भेटेल तिथे. एका तासाहून दुसऱ्या तासाला जायचे म्हणजे शहरातून चालत जायचे. साधारण पंधरा मुलांचा एक गट, त्याला एक शिक्षक आणि एक प्रशिक्षणार्थी. वाचन-लेखन आणि गणित यांची जबाबदारी या गटावर. सगळ्यांची मिळून एक सभा भरे, आणि शाळेचे बरेच निर्णय तिथे होत. गुणांऐवजी शिक्षक वर्णनात्मक अभिप्राय लिहीत, आणि विद्यार्थीही आपल्या शिक्षणाविषयी लिहीत.

आता दाराकडे वळू. अर्जात गुण विचारले जात नव्हते. वर्तनाचा दाखला लागत नव्हता. नववी ते बारावीतला शहरातला कोणताही विद्यार्थी पालकांच्या संमतीने नाव देऊ शके. जागांपेक्षा नावे कितीतरी अधिक आली, आणि मग जाहीर चिठ्ठ्या काढण्यात आल्या. शहराचे आठ शालेय विभाग होते. प्रत्येक विभागाला सारख्या जागा ठेवल्या होत्या, म्हणजे श्रीमंत वस्तीने सगळ्या जागा बळकावू नयेत.

हे न्यायासाठी केले होते, मोजमापासाठी नव्हे. त्या काळी शहरे वंशभेदाच्या प्रश्नाने धगधगत होती. 'ही शाळा हुशार गोऱ्या मुलांसाठी' असा शिक्का बसला असता तर ती जन्मतःच मेली असती. पण न्यायासाठी टाकलेल्या चिठ्ठीने मोजमापाचीही सोय आपोआप होते. ज्यांचे नाव निघाले आणि ज्यांचे निघाले नाही, त्या दोन्ही गटांतल्या घरांनी अर्ज केलेला असतो, उत्साह दाखवलेला असतो. दोन्हींत फरक एवढाच, की कोणाची चिठ्ठी वर आली. न्याय आणि विज्ञान एकाच डब्यातून निघतात, हे आम्हांला या इतिहासातले सर्वांत सुंदर वळण वाटते.

पार्कवेचे अनुकरण बऱ्याच ठिकाणी झाले. शिकागोत १९७० साली मेट्रो हायस्कूल निघाले, वॉशिंग्टनमध्ये १९७१ साली 'स्कूल विदाउट वॉल्स', न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली 'सिटी-ॲज-स्कूल'. मूळ पार्कवे पुढे बदलत गेला. त्याच्या शाखा हळूहळू नेहमीच्या इमारतीतल्या शाळा झाल्या. नाव मात्र राहिले.

रांगेतली शाळा

याच लाटेत १९७२ साली मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी 'कम्युनिटी हायस्कूल' सुरू झाले. गावाच्या मध्यवस्तीतली एक जुनी इमारत त्याला मिळाली. शाळा लहान, विद्यार्थी काही शे. इथे प्रमुखाला मुख्याध्यापक न म्हणता डीन म्हणत. प्रत्येक विद्यार्थी एका 'फोरम'मध्ये असे, म्हणजे एका शिक्षकाभोवतीच्या छोट्या गटात, आणि शाळेतली वर्षे तो गट त्याचे घर असे. फाटक बंद नसे. गावातल्या एखाद्या जाणकाराकडे, म्हणजे सुताराकडे, संशोधकाकडे किंवा वादकाकडे शिकून त्याचे श्रेयांक मिळवता येत. त्यासाठी काय शिकणार, किती तास, आणि शिकलो हे कसे दाखवणार, हे विद्यार्थ्याने आधी लिहून द्यायचे. खेळांचे मोठे संघ शाळेला नव्हते. ज्यांना हवे ते गावातल्या मोठ्या हायस्कुलाच्या संघात खेळत.

पहिली काही वर्षे या शाळेकडे जरा संशयानेच पाहिले गेले. पण पुढे नाव झाले, आणि नाव झाले तशी दारात गर्दी झाली. इथे चिठ्ठी नव्हती. 'आधी येईल त्याला' हा नियम होता. ऐकायला किती सरळ नियम! पण परिणाम पाहा. पालक नोंदणीच्या आदल्या रात्री येऊन बसू लागले. मग दोन रात्री आधी, मग त्याहून आधी. १९९० च्या दशकाच्या मध्यास तर लोक कित्येक दिवस आधीपासून तंबू ठोकून रांगेत राहू लागले. मिशिगनचा हिवाळा ज्याने पाहिला आहे त्याला हे काय दिव्य असेल ते कळेल. अखेर रांग मोडीत काढून सोडत आणावी लागली.

रांग काय निवडते, याचा विचार करू. रांग बुद्धी निवडत नाही, गुण निवडत नाही. ती सवड निवडते. कामावरून रजा घेऊ शकणारा बाप, धाकट्यांना सांभाळायला घरी दुसरे कोणी असलेली आई, रांग केव्हा लागणार याची कुणकुण असलेला शेजार. ताशी मजुरीवर दोन पाळ्या करणाऱ्या आईला 'आधी या' म्हणणे म्हणजे 'येऊ नका' म्हणणेच. नियम सर्वांना सारखा होता, पण रांगेत उभे राहण्याची किंमत सर्वांना सारखी नव्हती.

आणि या इमारतीचा पूर्वेतिहास पाहिला की ही गोष्ट अधिकच बोचते. त्या जागी पूर्वी जोन्स स्कूल ही प्राथमिक शाळा होती. आसपास कृष्णवर्णीयांची वस्ती होती, आणि शाळेतली बहुसंख्य मुले त्याच वस्तीतली होती. मुले वंशावरून अशी एकाच शाळेत साचणे बरे नव्हे, म्हणून १९६५ साली ती शाळा बंद करून मुलांना इतर शाळांमध्ये पाठवले गेले. म्हणजे ज्या दारातून शेजारची मुले पायी येत, त्याच दाराच्या प्रवेशासाठी तीस वर्षांनी सवड असलेल्या घरांची रांग लागली. कोणी दुष्टाव्याने हे केले नाही. एकेक पाऊल त्या त्या वेळी समंजसपणाचेच होते.

दार उघडे, पण उंबरा आहे

आता न्यूयॉर्ककडे येऊ. ईस्ट हार्लेम हा तिथला गरीब वस्तीचा भाग. तिथे डेबोरा मायर या शिक्षिकेने १९७४ साली सेंट्रल पार्क ईस्ट ही लहान प्राथमिक शाळा सुरू केली आणि १९८५ साली त्याच नावाचे हायस्कूल. विद्यार्थी मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे. तिथे प्रत्येक विषयात मुलांनी पाच प्रश्न विचारायची सवय लावून घ्यायची. याला पुरावा काय? हे कोण, कोणत्या बाजूने सांगतो आहे? याचा आणखी कशाशी संबंध आहे? असे नसते तर काय झाले असते? आणि याने काय फरक पडतो? विज्ञानशिक्षकाला यांतला पहिला आणि चौथा प्रश्न विशेष आवडावा. शाळेतून बाहेर पडताना विद्यार्थ्याने निरनिराळ्या विषयांतले चौदा संग्रह तयार करायचे, आणि त्यांतल्या सातांवर समितीपुढे उभे राहून उत्तरे द्यायची.

बहुसंख्य मुले शाळा पुरी करत आणि महाविद्यालयात जात. त्या वस्तीत हे फार मोठे यश होते. १९८७ साली मायर यांना मॅकआर्थर शिष्यवृत्तीचा मान मिळाला. देशभरातून लोक शाळा पाहायला येऊ लागले, आणि अर्थातच मागच्या रांगेतला प्रश्नही आला. प्रवेश-परीक्षा नसली तरी ही शाळा निवडून घ्यायची शाळा होती. कुटुंबाने येऊन शाळा पाहावी, समजून घ्यावी, अशी अपेक्षा असे. जे पालक येतात ते न येणाऱ्यांसारखेच असतात का?

ही अपेक्षा चुकीची होती असे आम्हांला म्हणायचे नाही. न पाहता, न समजता वेगळ्या शाळेत आलेले मूल पहिल्याच महिन्यात गोंधळते, हे अशी शाळा चालवणारा कोणीही सांगेल. पण शिक्षणासाठी जे योग्य, तेच न्यायासाठी उंबरा ठरते. पुढे न्यूयॉर्कच्या अनेक लहान हायस्कुलांत एक नियम होता. परीक्षा नाही, गुण नाहीत, परंतु जो माहितीसभेला येऊन नाव नोंदवेल त्याला आधी प्राधान्य. या सभांना येणे कोणाला जमते, हे सांगायला नको. टीका झाल्यावर ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे शहराने २०१७ साली जाहीर केले. ॲन आर्बरची रांग इथे सभागृहात येऊन बसली होती, एवढेच.

खरे बोलणाऱ्याचे नुकसान होऊ नये

न्यूयॉर्कमध्ये हायस्कुले शेकडो, आणि त्या काळी दरवर्षी अर्ज करणारी आठवीतली मुले सुमारे नव्वद हजार होती. पूर्वी विद्यार्थी पाच शाळांची नावे क्रमाने लिहीत. शाळांना तो क्रम दिसे, आणि 'आम्हांला पहिला क्रमांक दिला असेल तरच विचार करू' असे काही शाळा म्हणत. एखाद्याच्या हातात चार-चार बोलावणी असत, आणि सुमारे तीस हजार मुलांना त्यांनी न मागितलेल्या शाळेत टाकले जाई. २००३-०४ पासून नवी पद्धत आली. ती रचण्यात अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ, पराग पाठक आणि अतिला अब्दुल्कादिरोग्लू यांचा मोठा वाटा होता. तिचे मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांच्या १९६२ सालच्या छोट्या निबंधात आहे. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

पद्धत फळ्यावर करून पाहता येते. समजा तीन शाळा आहेत : टेकडी, नदी आणि पेठ. प्रत्येकीत एकच जागा. विद्यार्थी तीन : अ, ब आणि क. सोडतीत अ ला पहिला क्रमांक मिळाला, ब ला दुसरा, क ला तिसरा. अ आणि ब यांची पसंती : टेकडी, नदी, पेठ. क ची पसंती : नदी, टेकडी, पेठ.

आधी 'पहिल्या पसंतीला प्राधान्य' या जुन्या रीतीने वाटप करू. टेकडीला अ आणि ब यांनी पहिली पसंती दिली. अ चा क्रमांक वरचा, म्हणून तो लागला. नदीला एकट्या क ची पहिली पसंती, तो तिथे लागला. ब नदीकडे येतो तोवर जागा भरलेली. त्याच्या वाट्याला पेठ. सोडतीत त्याचा क्रमांक क च्या वर होता, पण त्याने मनातली खरी पसंती लिहिली हा त्याचा दोष ठरला. त्याने खोटेच 'नदी' पहिली लिहिली असती तर नदी मिळाली असती. हे ज्या पालकांना ठाऊक असते ते मुलाला नीट खोटे लिहायला शिकवतात. ज्यांना ठाऊक नसते त्यांची मुले पेठेत जातात.

आता गेल-शॅप्ली यांची रीत. इथे शाळा कोणालाही लगेच पक्की जागा देत नाही, तात्पुरती राखून ठेवते. पहिल्या फेरीत टेकडी अ ला राखते आणि ब ला नाकारते. नदी क ला राखते. दुसऱ्या फेरीत ब नदीकडे जातो. नदी ब आणि क यांची तुलना करते. ब चा क्रमांक वरचा, म्हणून ब राहतो, क सुटतो. क टेकडीकडे जातो, तिथे अ वरचढ. मग क पेठेकडे जातो. आता कोणी नाकारलेला नाही. तेव्हाच सगळ्या जागा पक्क्या होतात : अ टेकडी, ब नदी, क पेठ. या रीतीत खोटे लिहून कोणाचाही फायदा होत नाही, हे गणिताने सिद्ध करता येते. वरिष्ठ वर्गातल्या विद्यार्थ्यांनी निरनिराळे पसंतीक्रम घेऊन करून पाहावे.

नव्या पद्धतीत विद्यार्थी बारा शाळांपर्यंत नावे लिहू शकत. पहिल्याच वर्षी न मागितलेल्या शाळेत टाकल्या गेलेल्या मुलांची संख्या तीस हजारांवरून सुमारे तीन हजारांवर आली. नवी शाळा एकही बांधली नव्हती. फक्त अर्जाचा कागद आणि त्यामागचा हिशोब बदलला होता. यातून जागा वाढत नाहीत, हे मात्र विसरू नये. आपल्या उदाहरणात पेठेत कोणाला तरी जावेच लागले.

अखेर उत्तर मिळते

याच काळात, २००२ नंतर, न्यूयॉर्कने मोठी अपयशी हायस्कुले बंद करून शंभराहून अधिक लहान हायस्कुले काढली. एका इयत्तेत साधारण शंभर विद्यार्थी, गुणांची अट नाही. त्या सगळ्यांना 'पर्यायी' म्हणता येणार नाही, पण लहान शाळेची, शिक्षक-विद्यार्थी ओळखीची कल्पना मायर आणि त्यांच्यासारख्यांनीच रुजवली होती. जागांपेक्षा मागणी जास्त असेल तिथे समान प्राधान्याच्या मुलांत संगणक चिठ्ठी टाकी. एमडीआरसी या संशोधनसंस्थेने नाव निघालेल्या आणि न निघालेल्या मुलांचा पुढे माग काढला. २०१० च्या अहवालात आढळले, की लहान शाळेत गेलेल्यांपैकी ६८.७ टक्के मुले चार वर्षांत हायस्कूल पुरे करून बाहेर पडली. चिठ्ठीत हुकलेल्यांत हे प्रमाण ६१.९ टक्के होते. म्हणजे फरक ६.८ टक्के-अंकांचा.

हा आकडा डोळे दिपवणारा नाही, आणि म्हणूनच आम्हांला तो विश्वासार्ह वाटतो. हुकलेल्यांतलीही ६१.९ टक्के मुले पुरी झालीच. चिठ्ठी नसती तर आपण लहान शाळांचे ६८.७ टक्के बघून सगळे श्रेय शाळेला दिले असते, किंवा मागच्या रांगेत बसून सगळे श्रेय मुलांना दिले असते. दोन्ही चूक. शाळेमुळे फरक पडतो, आणि तो किती पडतो हेही सांगता येते.

तरी एक मर्यादा उरतेच. चिठ्ठी अर्जदारांतली असते. ज्याने अर्जच केला नाही, त्या मुलाविषयी ती काहीच सांगत नाही.

आपल्या वर्गात

हा सगळा प्रकार आपल्याला परका नाही. शिक्षणहक्क कायद्यातील पंचवीस टक्के जागांची सोडत महाराष्ट्रातल्या पालकांना चांगली ठाऊक आहे. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात विद्यार्थी दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम लिहितो. तिथे चिठ्ठीऐवजी दहावीच्या गुणांची एकच रांग असते, आणि पहिली पसंती लागली की प्रवेश घ्यावाच लागतो. म्हणून फॉर्म भरताना कोणी शेजारी बसले आहे की नाही, याला किती महत्त्व असते ते दहावीच्या वर्गशिक्षकांना सांगायला नको.

वर्गात एक कृती करून पाहा. चाळीस मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकून हलवा आणि वीस-वीसचे दोन गट करा. दोन्ही गटांची सरासरी उंची काढा, आणि घर ते शाळा हे सरासरी अंतरही. आकडे बहुधा जवळपास येतील. हीच कृती चार-पाच वेळा करा. मग एके दिवशी शाळेत आधी आलेल्या वीस मुलांचा एक गट आणि नंतर आलेल्यांचा दुसरा गट करून तीच मोजणी करा. उंचीत फारसे काही दिसणार नाही. अंतरात काय दिसते ते मुलांनाच सांगू द्या. रांग आणि चिठ्ठी यांतला फरक नववीतल्या मुलाला तासाभरात कळतो.

आता मागच्या रांगेतल्या गुरुजींना आम्ही काय उत्तर देतो? आम्ही म्हणतो, की तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण तो अर्ध्यावर सोडू नका. कोणत्याही शाळेचे यश ऐकले की पुढचे तीन प्रश्नही विचारा. अर्ज कोणाला करता येत होता? अर्ज करायचा असतो हे कोणाला कळले होते? आणि ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांचे पुढे काय झाले? पहिल्याचे उत्तर नियमात सापडते. तिसऱ्याचे उत्तर संशोधकाने शोधावे.

दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुतेक वेळा एका शिक्षकाच्या हातात असते. सोडत, संगणक, गणित हे सगळे अर्ज पोचल्यानंतरचे काम करतात. बासष्ट मुलांच्या वर्गात अशी दोन-चार मुले असतात, ज्यांच्या घरी तारीख सांगणारे, फॉर्म वाचणारे कोणी नसते. त्यांची नावे तुम्हांला आत्ताही आठवत असतील. यंदाच्या अर्जांची तारीख लागण्याआधी ती एका कागदावर लिहून ठेवा.